ट्रान्सजेंडर वैमानिक आणि मेडिकल करणारा डॉक्टर

ट्रान्सजेंडर वैमानिकाचे उड्डाण पुढे सरकणार की अडणार, हे पहिल्यांदा ठरते ते मेडिकल करणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत. परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हे वैमानिकाचे दोन वेगळे कागद आहेत. परवाना कौशल्याचा असतो, प्रमाणपत्र प्रकृतीचे. प्रमाणपत्राची मुदत संपली की हजारो तास उड्डाण केलेल्या कॅप्टनलाही विमानाला हात लावता येत नाही. प्रवासी विमान चालवणाऱ्याला क्लास वन लागते, शिकाऊ आणि खासगी वैमानिकाला क्लास टू. आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे क्लास वन बारा महिने चालते आणि साठीनंतर सहाच महिने. विशी-बाविशीत नोकरीला लागून पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणारा वैमानिक त्यामुळे चाळीसहून अधिक वेळा तपासणीच्या खोलीत जातो. बाकीच्यांना हा दिवस थोडा त्रासाचा वाटतो आणि संध्याकाळपर्यंत विसरला जातो. ट्रान्सजेंडर वैमानिकाला मात्र त्या दिवशी आपले शरीर, औषधे, जुने नाव आणि गेल्या काही वर्षांचा इतिहास एका अनोळखी माणसापुढे मांडावा लागतो, आणि त्या माणसाच्या सहीवर पोट अवलंबून असते.

हा डॉक्टर बहुतेक देशांत नियामक संस्थेचा पगारी नोकर नसतो. अमेरिकेत एफएए ही तिथली नियामक संस्था खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना परीक्षक म्हणून नेमते. त्यांची फी ते स्वतः ठरवतात आणि वैमानिक आपल्या पसंतीच्या परीक्षकाकडे जाऊ शकतो. भारतात क्लास टूची तपासणी डीजीसीए या इथल्या नियामक संस्थेने मान्यता दिलेले डॉक्टर आपापल्या शहरात करतात. क्लास वनची पहिली तपासणी वर्षानुवर्षे वायुदलाच्या केंद्रांकडे राहिली आहे. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचे एएफसीएमई ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. अलीकडे काही मान्यताप्राप्त रुग्णालयांचीही भर पडली आहे. बारामतीत किंवा गोंदियाजवळ बिरसीला उडायला शिकणारा विद्यार्थी आधी जवळच्या शहरात क्लास टू करून घेतो आणि मग यांपैकी एखाद्या ठिकाणी क्लास वनला जातो. म्हणजे निवडीची मुभा सुरुवातीला आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी असते; मधल्या मोठ्या तपासणीला समोर जो बसेल तो डॉक्टर.

परीक्षकाचे अधिकार वाटतात तितके मोठे नाहीत. नियम त्याने केलेले नसतात आणि ते वाकवणे त्याच्या हातात नसते. अमेरिकन परीक्षकापुढे तीन वाटा असतात: प्रमाणपत्र जागेवर द्यायचे, नाकारायचे किंवा निर्णय ओक्लाहोमा सिटीच्या मुख्य विभागाकडे सोपवायचा. भारतात परीक्षक आपला अहवाल आणि शिफारस पाठवतो. अंतिम शब्द डीजीसीएचा. पण मुख्यालयातला अधिकारी उमेदवाराला कधीच पाहत नाही. त्याच्यापुढे येते ती फाइल, आणि ती परीक्षकाने बांधलेली असते. कोणते अहवाल जोडले, कोणती तारीख लिहायची राहिली, शेऱ्याच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या की एकच शब्द, यावर उत्तर तीन आठवड्यांत येणार की वर्ष जाणार हे ठरते. सहकार्य करणारा परीक्षक म्हणजे नियमाकडे डोळेझाक करणारा डॉक्टर, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे, आणि घातकही. ज्याला नियम नेमका ठाऊक आहे, जो तो पुन्हा उघडून वाचतो आणि जिथे नियम गप्प आहे तिथे स्वतःच्या पूर्वग्रहाने जागा भरत नाही, तोच खरा उपयोगाचा.

ट्रान्सजेंडर वैमानिकाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. उड्डाणवैद्यकात सगळी तपासणी दोन गोष्टींवर येऊन थांबते: काम करण्याची क्षमता शाबूत आहे का, आणि हवेत असताना अचानक असमर्थ होण्याचा धोका किती. लिंगओळख या दोन्हींच्या आड येत नाही. पण दीर्घकाळ तिची नोंद मानसिक आजारांच्या यादीत होती आणि त्या यादीतला शब्द दिसला की परीक्षकाचा हात आखडायचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ हे निदान काढून ‘जेंडर डिस्फोरिया’ आणले. आता ओळख हा विकार राहिला नाही, तिच्यामुळे होणाऱ्या तीव्र त्रासाला तेवढे निदानाचे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याही पुढे जाऊन आयसीडी-११ मध्ये हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढला आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अनेक परीक्षकांचे शिक्षण त्याआधीच्या पुस्तकांवर झालेले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. पुढे वाचले नाही तर मात्र आहे.

उरतात ती औषधे आणि शस्त्रक्रिया. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले की रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका संभवतो, म्हणून उपचार करणारा डॉक्टर मात्रा कमी करतो किंवा काही काळ थांबवतो. इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत पायाच्या शिरेत गुठळी होण्याकडे लक्ष ठेवावे लागते; तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवरच्या पट्टीने हा धोका कमी राहतो. स्पायरोनोलॅक्टोन मुळात रक्तदाबाचे आणि लघवी वाढवणारे औषध. ते घेणाऱ्याचे पोटॅशियम तपासायचे. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत, ताकद परत येईपर्यंत आणि वेदनाशामके बंद होईपर्यंत उडायचे नाही, हे कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेला लागू आहे. यांतली एकही गोष्ट गूढ नाही. प्रत्येकीसाठी साधी रक्ततपासणी आहे, आकडा आहे आणि आकड्याची मर्यादा आहे. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेणारे वैमानिक याच पद्धतीने वर्षानुवर्षे उडत आहेत. विमानात बसणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने हीच पद्धत सर्वांत सुरक्षित आहे, कारण तिथे अंदाजाला जागा राहत नाही.

ट्रान्सजेंडर वैमानिकाच्या मेडिकलचा प्रश्न भारतात सर्वांपुढे आला तो केरळच्या अॅडम हॅरी यांच्यामुळे. थ्रिस्सूरचे हॅरी यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला शिकून २०१७ मध्ये खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. आपण ट्रान्स पुरुष आहोत हे घरी कळल्यावर त्यांना कोंडून ठेवले गेले, मारहाण झाली. शेवटी ते घरातून निघून गेले. पुढे केरळ सरकारने व्यावसायिक परवान्याच्या शिक्षणासाठी त्यांना २३ लाखांहून अधिक रुपयांची मदत मंजूर केली आणि तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी अकादमीत त्यांना प्रवेश मिळाला. पैसा होता, जागा होती, हातात आधीचा परवानाही होता. अडले ते मेडिकलला. हार्मोनचे उपचार चालू असल्याने त्यांना तात्पुरते अपात्र ठरवण्यात आले, आणि उपचार थांबवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे सांगण्यात आल्याचे त्यांनी जाहीरपणे मांडले. हार्मोन ही काही हौसेखातर घेतलेली गोळी नव्हे. शरीर आणि मन दोन्ही त्यावर स्थिरावलेले असते, आणि ती अचानक बंद केली की माणूस ढासळतो. उड्डाणासाठी पात्र व्हायचे तर आधी प्रकृती बिघडवून घ्या, असाच त्या सल्ल्याचा अर्थ होत होता. मधल्या काळात हॅरी यांनी पोट भरण्यासाठी घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम केले.

जुलै २०२२ मध्ये ही हकिकत देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. डीजीसीएने खुलासा केला की ट्रान्सजेंडर व्यक्तीला परवाना मिळण्यावर कोणतीही बंदी नाही, हार्मोनचे उपचार चालू असणे ही अपात्रता नाही, फक्त मात्रा स्थिरावेपर्यंत उड्डाण करता येणार नाही. हॅरी यांनी पुन्हा अर्ज करावा, असेही सांगितले. ऑगस्टमध्ये ट्रान्सजेंडर उमेदवारांच्या तपासणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या. प्रत्येक उमेदवाराचा विचार स्वतंत्रपणे, काम करण्याची क्षमता आणि अचानक असमर्थ होण्याचा धोका या दोन कसोट्यांवर व्हावा, हे त्यात आले. गेल्या पाच वर्षांत हार्मोनचे उपचार किंवा लिंगपुष्टी शस्त्रक्रिया झाली असेल तर मानसिक आरोग्याची तपासणी. हार्मोन देणाऱ्या एंडोक्रिनॉलॉजिस्टचा सविस्तर अहवाल: उपचार कधीपासून, मात्रा किती, किती दिवसांनी, कोणते बदल केले, रक्तातली पातळी, दुष्परिणाम. उपचार नव्याने सुरू केले किंवा मात्रा बदलली तर किमान तीन महिने अपात्र. नियमात त्रुटी आहेत. ज्याला कधी कोणताही मानसिक आजार झालेला नाही, त्यालाही केवळ पाच वर्षांच्या रेघेमुळे मनाची तपासणी द्यावी लागते. अशी रेघ अमेरिकेच्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेतही होती. तरीही लेखी नियम आला ही मोठी गोष्ट झाली. त्याआधी डॉक्टरला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून ‘अपात्र’ लिहिता येत होते. आता त्याच्यापुढे कागद ठेवता येतो.

पण कागद आहे म्हणजे तो वाचला जातोच असे नाही. क्लास टू करणाऱ्या डॉक्टरकडे ट्रान्सजेंडर उमेदवार वर्षानुवर्षे न येणे शक्य आहे. कुणी वायुदलातून निवृत्त झालेला असतो, कुणाचा शहरात स्वतःचा दवाखाना असतो. दिवसभरात खोकला-ताप पाहून संध्याकाळी दोन वैमानिकांची मेडिकल उरकायची असते. अशा वेळी अपरिचित काही पुढे आले तर ‘टेम्पररी अनफिट’ हा शेरा डॉक्टरला सुरक्षित वाटतो. त्याचे काही बिघडत नाही. वैमानिकाचे बरेच बिघडते. शेरा फाइलला चिकटतो, पुढची तपासणी फेरतपासणी म्हणून ठरवलेल्या ठिकाणीच द्यावी लागते, प्रवास, राहणे आणि चाचण्यांचा खर्च अंगावर येतो. विद्यार्थी असेल तर व्यावसायिक परवान्याला लागणारे २०० तास मध्येच थांबतात आणि हाताची सवय मोडल्याने काही धडे पुन्हा घ्यावे लागतात. तासावर पैसे मिळवणारा प्रशिक्षक असेल तर त्या महिन्यांचे उत्पन्नच जाते. म्हणून योग्य परीक्षक शोधणे ही ट्रान्सजेंडर वैमानिकाच्या दृष्टीने कामाचीच एक पायरी आहे, आणि अर्ज भरण्याआधीची.

शोध सुरू होतो तो ओळखीतून. प्रत्येक फ्लाइंग स्कूलच्या कँटीनमध्ये कोणता डॉक्टर कसा आहे याची माहिती फिरत असते: कोण घाई करतो, कोण ऐकून घेतो, कोण शंका आली की फोन करून विचारतो आणि कोण शंका आली की शेरा मारून मोकळा होतो. ट्रान्सजेंडर वैमानिकाला ही माहिती सहज मिळत नाही, कारण ती विचारताना स्वतःबद्दल सांगावे लागते. अमेरिकेत यासाठी संघटना उपयोगी पडतात. १९९० मध्ये स्थापन झालेल्या एनजीपीए या समलिंगी आणि ट्रान्सजेंडर वैमानिकांच्या संघटनेत अशा परीक्षकांची नावे एकमेकांना सांगितली जातात. एओपीएसारख्या वैमानिकांच्या जुन्या संघटनेकडे मेडिकलविषयी सल्ला देणारी माणसे असतात. भारतात एवढी बांधणी अजून झालेली नाही. इथे उपचार करणारा एंडोक्रिनॉलॉजिस्ट हाच बहुधा पहिला दुवा ठरतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या इतर रुग्णांचे अनुभव त्याला माहीत असतात. दुसरा दुवा म्हणजे मधुमेह, कर्करोग किंवा हृदयविकारानंतर पुन्हा उडू लागलेले सहकारी. ज्या परीक्षकाने अशांची गुंतागुंतीची फाइल चिकाटीने पार पाडली, त्याला कागद जमवण्याची आणि मुख्यालयाशी बोलण्याची सवय असते. त्याने यापूर्वी ट्रान्सजेंडर उमेदवार पाहिला आहे का, हे त्या मानाने दुय्यम आहे.

नाव मिळाले की लगेच तपासणीची वेळ घेऊ नये. आधी नुसती भेट घ्यावी. अमेरिकेत या सावधगिरीला कायदेशीर कारण आहे: वैमानिकाने ऑनलाइन भरलेला अर्ज परीक्षकाने एकदा उघडला की ती तपासणी अधिकृतपणे सुरू होते, तिचा निकाल कळवावाच लागतो आणि ‘राहू द्या, नंतर येतो’ म्हणता येत नाही. त्यामुळे अर्जाचा क्रमांक न देता, केवळ सल्ल्यासाठी फी भरून भेटण्याची पद्धत तिथले अनुभवी वैमानिक एकमेकांना सांगतात. भारतातही तपासणीआधी फोनवर किंवा दवाखान्यात बोलून घेणे शहाणपणाचे ठरते. त्या बोलण्यात साधे प्रश्न विचारावेत. ऑगस्ट २०२२ च्या सूचना आपण पाहिल्या आहेत का? हार्मोन घेणाऱ्या उमेदवारासाठी आपल्याला कोणकोणते अहवाल लागतील? काही कमी पडले तर तपासणीआधी कळवाल का? उत्तरातल्या माहितीइतकाच उत्तर देण्याचा सूर महत्त्वाचा. ‘सूचना वाचलेल्या नाहीत, पाठवा, वाचून सांगतो’ म्हणणारा डॉक्टर उत्तम. ‘सगळं माहीत आहे, या तुम्ही’ असे एका दमात म्हणणाऱ्याकडे जाताना विचार करावा. उमेदवार सांगत असताना जो मध्येच घरच्यांना हे मान्य आहे का, लग्नाचे काय, असे विचारू लागतो, त्याच्याकडे जाऊच नये. त्या प्रश्नांचा मेडिकलशी काही संबंध नाही, आणि जो आज ते विचारतो तो उद्या शेऱ्याच्या चौकटीतही तेच मनात ठेवून लिहील.

भेटीनंतर कागद जमवायचे. यात जितका वेळ जाईल तितका पुढे वाचतो. एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या पत्रात ‘रुग्ण उपचारांखाली असून प्रकृती ठीक आहे’ एवढेच असून भागत नाही. औषधाचे नाव, मात्रा, ती शेवटची कधी बदलली, त्यानंतरच्या प्रत्येक रक्ततपासणीची तारीख आणि आकडे, झोप येणे, चक्कर येणे, मनःस्थितीत चढउतार होणे असे काही नाही याची स्पष्ट नोंद, आणि पुढची तपासणी केव्हा, हे सगळे त्यात हवे. हार्मोनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा-दोनदा रक्त तपासायचे असते. म्हणजे उपचार नीट चालू असतील तर डीजीसीए मागते ते आकडे रुग्णाच्या फाइलमध्ये आधीच असतात; ते फक्त क्रमाने लावायचे. चांगला परीक्षक हे पत्र तपासणीच्या दिवसाआधी मागवतो, वाचतो आणि उणीव दिसली तर थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलतो. दोन डॉक्टर पाच मिनिटे बोलले तर जे सुटते, ते मुख्यालयामार्फत पत्रव्यवहाराने सुटायला महिने लागतात.

नावाचा प्रश्न वेगळाच. दहावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट, डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा संगणक क्रमांक आणि मेडिकलची फाइल या सगळ्यांवर एकच नाव आणि एकच लिंग असावे अशी अपेक्षा असते. संक्रमणाच्या वाटेवर असलेल्या माणसाचे ते क्वचितच असते. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र घेण्याची आणि त्यावरून इतर कागद बदलून घेण्याची सोय केली. हे काम मेडिकलच्या आधी होणे बरे. तसे झाले नसेल तर परीक्षकाने जुन्या आणि नव्या नावाचा दुवा अहवालात स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर एका माणसाच्या दोन फाइली तयार होतात आणि मागच्या सगळ्या ‘फिट’ नोंदी दुसऱ्याच कुणाच्या ठरतात. हे परीक्षकाला आठवण करून द्यायला संकोचू नये.

प्रत्यक्ष तपासणीत डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी, लघवी हे सगळे इतरांसारखेच. ताण येतो तो कपडे उतरवण्याच्या वेळी. ईसीजीचे इलेक्ट्रोड लावताना छाती उघडी करावी लागते, पोट आणि हर्निया तपासताना हात जांघेपर्यंत जातो. ट्रान्सजेंडर माणसाने आयुष्यभर जे शरीर लोकांच्या नजरेपासून जपले, ते इथे ट्यूबलाइटखाली येते. समजूतदार परीक्षक या वेळी फार काही करत नाही: काय तपासणार आणि का, ते आधी सांगतो, सोबत कुणी हवे का विचारतो, जेवढे नियमात आहे तेवढेच पाहतो, आणि उमेदवाराने सांगितलेल्या नावानेच हाक मारतो. शिकाऊ डॉक्टरांना ‘बघा, केस इंटरेस्टिंग आहे’ म्हणून बोलावत नाही. एवढ्याने नाडीचे ठोके खाली येतात. ही भावनेची बाब वाटेल, पण घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब मर्यादेच्या वर जातो आणि त्यावरूनही मेडिकल अडते.

आकडे वाचतानाही जाण लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात सामान्य मर्यादा स्त्री आणि पुरुष अशा वेगळ्या छापलेल्या असतात. पुरुषाचे हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७, स्त्रीचे १२ ते १५ धरले जाते. वर्षानुवर्षे टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचे १६ असेल तर ते त्याच्यासाठी सामान्य आहे. जुन्या कागदावरचे ‘स्त्री’ पाहून यंत्राने त्यापुढे लाल खूण केली तर ती खूण चुकीच्या रकान्यामुळे आलेली असते. ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत उलटे होते: १२.५ हिमोग्लोबिन पुरुषाच्या रकान्यात पंडुरोग ठरते. मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज आणि ईसीजीतल्या क्यूटी अंतराची मर्यादा यांतही असाच फरक पडतो. ज्या परीक्षकाला हे माहीत आहे तो खुणेशेजारी एक ओळ लिहितो आणि प्रश्न तिथेच मिटतो. ज्याला माहीत नाही तो आणखी चाचण्या मागवतो.

सहकार्य करणारा परीक्षक सापडणे ही ट्रान्सजेंडर वैमानिकाची खासगी सोय मानली जाते. प्रवाशांच्या सुरक्षेशीही तिचा थेट संबंध आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ३,७६५ वैमानिकांपैकी ५६ टक्क्यांनी सांगितले की प्रमाणपत्र जाईल या भीतीने आपण कधी ना कधी डॉक्टरकडे जाणे टाळले आहे किंवा त्याला सगळे सांगितलेले नाही. हे सगळ्या वैमानिकांबद्दल आहे. ज्यांना लपवण्यासाठी समाजाने आणखी एक कारण दिले आहे, त्यांच्यावर ही भीती अधिक भार टाकते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने आल्प्समध्ये आदळवले आणि १५० जण गेले. लिंगओळखीशी त्या घटनेचा काहीही संबंध नव्हता. पण फ्रान्सच्या तपास यंत्रणेच्या अहवालातून हेच पुढे आले की आजारपण सांगितले तर परवाना आणि उत्पन्न जाईल या भीतीने वैमानिक गप्प राहतात. त्यानंतर युरोपात विमान कंपन्यांना सहकारी वैमानिकांचे आधारगट चालवणे बंधनकारक झाले. जो ट्रान्सजेंडर वैमानिक परीक्षकाच्या भीतीने हार्मोन गुपचूप घेतो, त्याचे हिमॅटोक्रिट कुणी तपासत नाही. जो मेडिकलआधी काही आठवडे औषध बंद ठेवतो, तो ढासळलेल्या मनाने तपासणीला बसतो आणि तशाच अवस्थेत विमानही चालवतो. अर्जात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत त्यासाठी मोठा दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. लपवाछपवीचा सल्ला कुणी आपुलकीने दिला तरी तो ऐकू नये. पण खरे सांगण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने खरे ऐकून घेणारा माणूस खुर्चीत बसवायला हवा, ही जबाबदारी वैमानिकाची नाही.

एकदा असा परीक्षक मिळाला की शक्यतो त्याच्याकडेच नूतनीकरण करावे. दुसऱ्या वर्षी सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही, मागच्या आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहता येतात. वर्षाच्या मध्ये मात्रा बदलायची झाली तर त्याला आधी कळवावे. तीन महिने जमिनीवर राहावे लागणारच आहे. मग तो काळ रजा, सिम्युलेटरवरचे काम किंवा वर्गातले शिकवणे यांत बसवता येतो. शस्त्रक्रियेची तारीखही प्रमाणपत्राच्या मुदतीचा हिशेब करून ठरवली तर अपात्रतेचे महिने आणि बरे होण्याचे महिने एकावर एक पडतात आणि एकूण नुकसान कमी होते. हे नियोजन डॉक्टर आणि वैमानिक यांनी एकत्र बसूनच करायचे असते.

परीक्षक निवृत्त होतो, गाव बदलतो किंवा वैमानिकाची बदली होते, तेव्हा ही घडी मोडते. म्हणून प्रत्येक अहवालाची, पत्राची आणि डीजीसीएच्या उत्तराची प्रत वैमानिकाने स्वतःजवळ तारखेप्रमाणे लावून ठेवावी आणि जुन्या परीक्षकाकडून नव्याच्या नावे एक पत्र मागून घ्यावे: इतकी वर्षे तपासले, हे आकडे, हे उपचार, अमुक तारखेपासून मात्रा स्थिर. अपात्रतेचा शेरा आलाच तर तो कोणत्या मुद्द्यावर आला हे लेखी मागावे. मुद्दा कळला की त्याच मुद्द्याचा अहवाल जोडून ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी किंवा अपील करता येते.